नोकरी बघायला चीनला

जगात नोकरी गेलेली माणसं पुष्कळ असतील, पण गेलेली नोकरी नीट पोचली का ते बघायला चीनपर्यंत जाणारी बाई एकच, आणि ती नेमकी माझी रूममेट निघावी हे माझं नशीब. ह्या आमच्या बिझनेस डिप्लोमाच्या वर्गातल्या काकू. मूळच्या नागपूरच्या, कॅनडातल्या ग्वेल्फच्या एका पंपांच्या कारखान्यात अठरा वर्षं टेस्टिंगला होत्या. कंपनीने टेस्टिंगचं खातं मशीनसकट उचलून चीनला नेलं, काकूंना तेवढं मागे ठेवलं. पन्नाशीच्या बाईने रडत बसायचं, तर ह्यांनी कॉलेजला अप्लाय केलं. कारण काय, तर कोर्समध्ये चीनमधल्या परदेशी कंपन्यांची स्टडी टूर होती आणि यादीत शेवटी त्यांचीच कंपनी होती. "तिथल्या मॅनेजरला चार शब्द सुनावून येते," हे त्या एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या माणसालाही सांगणार होत्या, मी वेळीच कोपर मारलं म्हणून वाचलो.

पुढच्या सहा दिवसांत त्यांनी जे केलं ते आठवलं की मला अजून घाम फुटतो. चीनमध्ये व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, असं प्रोफेसरांनी बजावलं होतं. काकूंनी पहिल्याच जर्मन कंपनीत ते तीर्थासारखं ओंजळीत घेतलं आणि सवयीने डोळ्यांना लावलं. समोरच्या चिनी साहेबांना वाटलं, कॅनडात असंच करत असतील. त्यांनीही काकूंचं कार्ड डोळ्यांना लावलं, मागोमाग त्यांच्या सगळ्या स्टाफने, आणि शेवटी आमच्या विनिपेगच्या गोऱ्या प्रोफेसरांनीसुद्धा. दुसऱ्या एका कंपनीत मार्केट शेअरचा तक्ता चालू असताना काकूंनी हात वर करून विचारलं, की तुमच्या कॅन्टीनच्या भातात मीठ का नसतं. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. अख्ख्या टूरमधलं तेवढंच मला नीट समजलं. बुटांवर चढवायच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्याही त्या प्रत्येक कारखान्यातून घेऊन यायच्या, कुंड्यांना होतील म्हणून, आणि भरायची मात्र माझी बॅग.

शेवटच्या दिवशी त्यांची कंपनी आली. मी सकाळपासून देव पाण्यात घातलेले. आत त्यांचंच जुनं मशीन उभं होतं आणि त्याच्यापुढे तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी, प्रेशरचा काटा अडकला म्हणून कावलेली. काकू सरळ पाहुण्यांना अडवणारी पिवळी रेघ ओलांडून गेल्या आणि मशीनला डाव्या अंगाने दोनदा थोपटलं. काटा हलला. मुलगी हसली. मग काकूंनी तिला पाच मिनिटं अस्सल मराठीत मशीनच्या सगळ्या खोड्या सांगितल्या, आणि ती पोरगी कळल्यासारखी मान डोलावत राहिली. तेवढ्यात मॅनेजर धावत आला. झालं, आता काही खरं नाही, म्हणून मी डोळे मिटले. काकू त्याला इंग्रजीत एवढंच म्हणाल्या, की ह्या मुलीला बसायला एक खुर्ची द्या.

बसमध्ये मी विचारलं, सुनावायचं राहिलं का म्हणून. "अठरा वर्षं मागत होते गं," त्या म्हणाल्या, "मला नाही दिली. तिला आत्ताच मिळाली तर गुडघे तरी राहतील तिचे."  मॅनेजरने वहीत लिहून घेतलं होतं, पुढचं कळायला मार्ग नाही. अजूनही ग्रोसरी घेताना, दारातला स्नो शोव्हल करताना काकू मध्येच विचारतात, खुर्ची आली असेल का गं, आणि मी दर वेळी म्हणते, आली असेल हो काकू.