मोहाखाली अंथरलेली साडी

डोमाभाऊ आमच्या घरी शेवटचे आले ते जुन्या साड्या मागायला. संक्रांत होऊन गेली होती, पण तुमसरची थंडी हलायला तयार नव्हती, आणि मी अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर अशा थाटात अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. भाऊंनी फाटकातूनच मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि आत हाक मारली, "कुंदे, जवायाले वाळवाले ठेवलं का वं?" कुंदा म्हणजे माझी बायको, भाऊंची धाकटी बहीण. मी राइस मिलमधला मुनीम. धानाची पोती मोजण्यापलीकडे मला निसर्गातलं काही कळत नाही, हे सासरी सर्वांना ठाऊक. भाऊंनी चहा घेतला, मिलच्या धुळीला दोन शिव्या दिल्या, साड्यांचा गठ्ठा खांद्यावर टाकला आणि दुपारच्या बसने परत गेले. जाताना म्हणाले, "फागुनात येजा. या वर्षी अस्वलाले मी सांगून ठेवतो, जवाई येऊन राहिले म्हणून." तेच शेवटचं. त्यानंतर महिनाही झाला नसेल, सायत्रावहिनींचा फोन आला. भाऊ अंगणात त्याच साड्या एकमेकींना जोडून शिवत बसले होते. पाणी मागितलं. वहिनी पाणी घेऊन येईपर्यंत हात साडीवरच राहिला होता आणि मान खाली गेली होती...

ज्यांनी आमच्याकडचं जंगल पाहिलेलं नाही त्यांना साड्यांचं हे प्रकरण सांगायला हवं. चिखल्याच्या खाणी मागे टाकून रस्ता टेकड्यांच्या पायथ्याशी जातो, तिथं माझं सासर. टेकडीवर साजा, बिजा, तेंदू, चारोळीचा चार, आणि मधूनमधून मोहाची मोठी मोठी झाडं. झाडं सरकारची असली तरी कुठला मोह कुणी वेचायचा हे गावात आज्या-पणज्यापासून ठरलेलं. फागुनात पानं गळतात आणि फुलं पडायला लागतात; पहाटेपासून टपटप टपटप. पाचोळ्यात पडलेलं फूल सापडत नाही, म्हणून लोक फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. काळ्या जमिनीवर पिवळट फूल लांबून दिसतं. काम सोपं होतं. फक्त ती आग झाडाखालीच थांबेल असं कुणी तिला सांगितलेलं नसतं. ती टेकडी चढते. रानकोंबडीची अंडी, पावसाळ्यात उगवायच्या सात्या म्हणजे अळंबी, घोरपडीचं बीळ, चाराची बोटभर रोपं, सगळं एका दुपारी संपतं. पावसाळ्यात दक्षिणेकडून येऊन जमिनीलगत घरटं करणारा नवरंग पक्षी पुढच्या वर्षी आला तर त्याला बसायला झुडूप नसतं. पेंच आणि नागझिऱ्याच्या मधला आमचा हा जंगलाचा चिंचोळा पट्टा; जनावरं यातूनच इकडची तिकडे जातात. त्यात खाणीचे ट्रक आहेत, रुंद होत चाललेले रस्ते आहेत, आणि वरून दर वर्षीची ही आग.

डोमाभाऊंनी स्वतः अर्धी हयात पाचोळा पेटवला होता. मग एका वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या टेकडीवर मोहाची झाडं आहेत ती सगळी म्हातारी. मधलं एकही नाही. बी पडतं, पावसाळ्यात रोप येतं, आणि फागुनात जळतं. "जवाई, ज्या गावात सारे बुढेच हायेत, लेकरू एक नाही, त्या गावाचं काय होते सांगा." मी मुनीम माणूस, म्हटलं, "मतदान कमी होते." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या वर्षापासून त्यांनी आग बंद केली आणि खराटा हाती घेतला. आता भाऊ काही फार विचारवंत नव्हते. त्यांच्या दर दोन प्रयोगांतला एक फसायचा. पहिल्या वर्षी झाडाखाली प्लास्टिकची ताडपत्री अंथरली. फुलांना घाम सुटला आणि सगळी आंबली. दुसऱ्या वर्षी मच्छरदाण्या आणल्या. त्यात एक डुक्कर अडकलं आणि मच्छरदाणी अंगावर घेऊन नवरीसारखं गावातून धावलं. तिसऱ्या वर्षी साड्या. जुन्या सुती साड्या एकमेकींना जोडून केलेली भली मोठी चादर, खाली हवा खेळते, वर फुलं कोरडी राहतात. भाऊ जिंकले. गावातल्या बाया मात्र हसायच्या. "डोमाजी, झाडाले लुगडं नेसवून राहिले का जी?" भाऊ म्हणायचे, "नेसवतो, तुमची बी द्या एखादी."

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत मोह वेचायला गेलो ती गोष्ट ते मरेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगत. पहाट फुटत होती, धुकं होतं, मी उत्साहाच्या भरात एकटाच पुढं निघालो. झाडाखाली काळं घोंगडं पांघरून, मान खाली घालून भाऊ वेचताना दिसले. मला मागे टाकून आले म्हणून मी जरा रागातच म्हणालो, "राम राम भाऊ! एकटेच आले ना?" आणि टोपली घेऊन जवळ गेलो. घोंगड्याने वर पाहिलं. त्याला लांब तोंड होतं. त्यानंतरचं मला फारसं आठवत नाही. माझी एक चप्पल टेकडीवर आणि एक बांधाजवळ सापडली एवढं नक्की. खालून येणाऱ्या खऱ्या भाऊंना मी जाऊन आदळलो. सगळं ऐकून ते जमिनीवरच बसले आणि पोट धरून हसले. "अस्वलाले राम राम घातला? मंग? त्यानं परत घातला का नाही?" माझा श्वास जाग्यावर आल्यावर मात्र म्हणाले, "त्याचा बी मोह हाय तो. आपण जरा उशिरा जाऊ." आणि आम्ही खरंच बांधावर बसून राहिलो, अस्वलाचं पोट भरेपर्यंत.

एकदा भाऊ मिलमध्ये आले होते तेव्हा माझ्या गादीमागच्या कॅलेंडरवर कुठल्याशा दूरच्या देशातल्या जंगलाचा फोटो होता. हिरवंगार, ओलंचिंब, झाडावर झाड. भाऊ बराच वेळ पाहत उभे राहिले. "लोक याले जंगल म्हंतात जवाई. आपलं फागुनात उघडं पडते न, तं त्यायले वाटते मेलं. मेल्याले जाळलं तं कायचं पाप?" मी मान डोलावली आणि पोत्यांकडे वळलो. आज ते वाक्य आठवतं आणि स्मशानातली त्यांची चिता आठवते... असो.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. भाऊ साड्या घेऊन गेले त्या संध्याकाळी मी कपाट उघडलं आणि सगळे कप्पे दोनदा चाचपले. गठ्ठा मीच बांधला होता, आणि कपाटात भाऊबीजेची साडी नव्हती. डाळिंबी रंगाची, जरीच्या काठाची. भाऊंनीच कुंदाला घेतलेली. ती फक्त लग्नाकार्याला निघायची आणि कपाटात तिची स्वतंत्र जागा होती. घाईत मी तीही जुन्यात बांधून दिली असणार! मी अंगणात जाऊन हळू आवाजात भाऊंना फोन लावला. ते हसतच सुटले. म्हटलं, बाजूला काढून ठेवा, मी रविवारी गुपचूप येऊन नेतो. "चिंता नोका करू, साडी जाग्यावर हाय." रविवार आला, मिलमध्ये माल उतरायचा होता, मी गेलो नाही. मग गेलो ते सरळ खांदा द्यायला. तेराव्यापर्यंत साडीचा विषय माझ्या ओठावर यायचा आणि परत जायचा. घरात रडारड चाललेली, आणि मी कोपऱ्यातल्या त्या शिवलेल्या गठ्ठ्याकडे चोरून बघतोय. माझ्याइतका शोकाकुल आणि इतका भेदरलेला जावई दुसरा नसेल. गठ्ठ्यात भाऊंची सुई तशीच टोचलेली होती. वहिनी तिला हात लावू देत नव्हत्या.

तेराव्याला जेवणं झाल्यावर राघोजी बोलले. राघोजी म्हणजे भाऊंचे लहानपणापासूनचे दोस्त आणि तितकेच जुने भांडखोर. त्यांचे मोह भाऊंच्या मोहांना लागूनच, वाऱ्याच्या बाजूला. गेली काही वर्षं त्यांनी पेटवलं नव्हतं, कारण भाऊ आधी जाऊन त्यांच्याही झाडाखालचा पाचोळा झाडून टाकायचे, शिव्या देत देत. "वहिनी, तुमाले आताच सांगून ठेवतो. डोमा गेला. माह्यानं काही खराटा होत नाही, कंबर धरते. मी तं पेटवून मोकळा होईन. मंग म्हणू नोका." वहिनी खरकटी पानं गोळा करत राहिल्या. त्या वाऱ्यावर राघोजींची आग म्हणजे भाऊंच्या टेकडीची आग. तिथं आता मोहाची रोपं गुडघ्यापर्यंत आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एक दुपार पुरली असती.

फुलं पडायला लागली तसं कुंदा म्हणाली, "जाऊ." आम्ही गेलो. पहाटे वहिनी, कुंदा आणि मी टेकडीवर चढलो. खराटा माझ्या हातात, गठ्ठा डोक्यावर. मी झाडलं म्हणण्यापेक्षा पाचोळा या झाडाखालून त्या झाडाखाली नेला. वहिनींनी माझ्या हातून खराटा काढून घेतला. मग दोघींनी चादर उलगडली, आणि ओळीने उलगडत गेलेल्या विटक्या साड्यांच्या शेवटी, राघोजींच्या झाडांच्या बाजूला, डाळिंबी साडी निघाली. जरीचा काठ पहिल्या उन्हात चमकला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "कुंदा, माझी चूक झाली, गठ्ठ्यात..."

"तुमी कायले रडून राहिले?" ती म्हणाली. "मीच टाकली होती." मी गठ्ठा बांधायला घेण्याआधी भाऊ स्वयंपाकघरात तिच्याजवळ गेले होते. एक चांगली दे म्हणाले होते. "विटक्या साड्याजवळ राघोजी कवाही पेटवून देईन, म्हणे. बहिणीची भाऊबीजेची साडी अंथरली असली तं कोण माणूस काडी लावते तिथं?" आणि वर बजावलं होतं, जवायाले सांगू नको, घाबरू दे थोडं.

साडी अर्धीच शिवलेली होती. सुई जिथं थांबली होती तिथून पुढं काठ सुटा होता आणि वाऱ्यावर उडत होता. राघोजी तेवढ्यात वर आले, हातात माचिस. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग साडीकडे. "हे तं कुंदेच्या भाऊबीजेची व्हय," ते म्हणाले. "म्याच तं होतो डोमासंगं, तुमसरले, दुकानात..." कुंदा काठ शिवायला बसली. सुईतला दोरा संपला होता. नवा ओवायला तिने सुई माझ्याकडे दिली, कारण तिचे डोळे भरलेले होते. माझे तर त्याहून. माझ्याने ओवेना. दोरा कधी सुईच्या इकडून जायचा, कधी तिकडून.

"आणा इकडे," राघोजी चिडून म्हणाले. "एवढे पोते मोजले, सुई नाही ओवता येत?" सुई ओवायला दोन्ही हात लागतात. त्यांनी माचिस खाली ठेवली, दोरा तोंडात ओला केला आणि ओवून कुंदाच्या हातात दिला. मग बराच वेळ उकिडवे बसून टाके पाहत राहिले. टाका मोठा होऊन राहिला, डोमाचा बारीक होता, एवढंच एकदा बोलले. शेवटी उठले आणि वहिनींच्या हातचा खराटा मागून घेतला. कंबर धरून, भाऊंना शिव्या देत, स्वतःच्या झाडाखाली झाडू लागले. माचिस तिथंच राहिली. मी ती उचलून स्वेटरच्या खिशात टाकली.

त्या संध्याकाळी परतताना बसमधून पलीकडची टेकडी जळताना दिसली. कुणाच्या मोहाखालून सुरू झाली कोण जाणे. कुंदाने खिडकी लावून घेतली, तरी वास येतच होता. राघोजींच्या कंबरेचं आणि वहिनींच्या वयाचं पुढच्या फागुनात काय होईल, मला माहीत नाही.

साडी तिकडेच आहे, वहिनींच्या घरी, दांडीवर. आमच्या कपाटातली तिची जागा कुंदाने तशीच ठेवली आहे. परवा थंडी गेली म्हणून मी माझे दोन्ही स्वेटर घडी करून त्या जागेवर ठेवले. तिने ते उचलून बाहेर खुर्चीवर ठेवले, जागेवरून एकदा हात फिरवला आणि कपाट लावून घेतलं.