चार पाहुण्यांचा परिचय

मी आयुष्यभर मराठी शिकवली, पण आमच्या भागात लोक मला ओळखतात ते पाहुण्यांचा परिचय करून देणारा माणूस म्हणून. शेगावच्या एका कॉलेजात असताना हे काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं आणि निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. शाल आणि नारळ यांच्या मधल्या वेळात माइकपाशी उभं राहायचं आणि खुर्चीत बसलेला माणूस किती मोठा आहे ते त्याच्याच देखत सांगायचं. माहिती पाहुणे स्वतः लिहून पाठवतात. ज्याच्याकडे सांगण्यासारखं कमी, त्याचा कागद दोन्ही बाजूंनी भरलेला, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव. मी तो कागद गंभीर चेहऱ्याने वाचतो आणि घरी येऊन बायकोला हसवतो.

ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे, त्या दिवशी मात्र मी सकाळपासून घाबरलेला होतो. घाबरण्याचं कारण माझा थोरला भाऊ.

आमचं गाव संग्रामपूरच्या पुढे. सातपुडा समोर दिसतो, पण त्याचं गोड पाणी आमच्यापर्यंत पोचत नाही. विहिरीचं पाणी खारं. आम्ही दोघं भाऊ त्याच विहिरीवर वाढलो. मी शिकून शेगावला गेलो, तो शेती करत गावातच राहिला. गावात कुणाकुणाच्या किडन्या गेल्याचं अधूनमधून ऐकू यायचं आणि ऐकणारे विषय बदलायचे. मग भाऊचे पाय सुजायला लागले. आधी चपलेचा पट्टा रुतू लागला, पुढे चप्पलच चढेना. तालुक्याच्या डॉक्टरने रक्त तपासलं आणि सांगितलं, अकोल्याला किडनीच्या डॉक्टरकडे जा, वेळ घालवू नका.

"त्या पोराले आजून नीट मिशी फुटली नाई," भाऊ म्हणाला. "त्याच्या सांगन्यावर मी अकोल्याले जाऊ काय?"

भाऊचा विश्वास माइकवर. ज्याला माइकवरून नावाजलं तो माणूस खरा, ही त्याची पक्की समजूत. काही महिन्यांपूर्वी गावच्या सभामंडपात एक आरोग्यतज्ज्ञ येऊन गेले होते. त्यांचा परिचय त्यांच्या भाषणापेक्षा लांबला, असं वहिनींनी मला सांगितलं. जाताना ते तपकिरी भुकटीचे डबे विकून गेले. तिने किडनी धुऊन निघते म्हणे. भाऊ ती सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, आणि गुडघ्यांसाठी किराणा दुकानातली दुखण्याची गोळी, ती तर कित्येक वर्षांपासून.

"ती भुकटी बंद कर," मी एकदा म्हटलं.

"काऊन? तुह्यापाशी कोन्ती डिग्री हाय?"

"मराठीची."

"मंग तू किडनीशी मराठीत बोलून पाह्य."

यावर वहिनीसुद्धा हसल्या. मी तालुक्याच्या त्या डॉक्टरला हातापाया पडून घरी आणलं, तर भाऊ मागच्या दाराने शेतात गेला आणि दिवस मावळेपर्यंत परतला नाही. सुजलेल्या पायांनी तो तिथवर कसा चालला असेल, कोण जाणे. आडवं झालं की दम लागतो, म्हणून तो बसूनच झोपतो, हे वहिनींनी मला फोनवर हळू आवाजात सांगितलं. त्यानंतर माझी झोप गेली.

अशात एका संस्थेने आमच्याच गावात दिवसभराचं शिबिर ठरवलं. बॅनरवर मोठ्या अक्षरांत चार शब्द: पर्यावरण, हवामान, आरोग्य, ऊर्जा. प्रत्येक शब्दाला एक तज्ज्ञ. परिचय अर्थातच मी करून द्यायचा. तीन कागद नेहमीसारखे गच्च भरलेले आले. चौथ्यावर दोनच ओळी होत्या. पहिलीत पदवी, दुसरीत 'मूत्रपिंडविकारतज्ज्ञ, अकोला'. हा कागद मी खिशात वेगळा ठेवला.

पाहुण्यांना आणायला शेगाव स्टेशनवर जीप घेऊन गेलो. तिघे मुंबईकडून एकाच गाडीने आले, डॉक्टरीणबाई अकोल्याहून पॅसेंजरने. पर्यावरणतज्ज्ञ न विचारता पुढच्या सीटवर बसले, जणू तिथे त्यांच्या नावाची पाटी होती. हवामान आणि ऊर्जा मागे. मधल्या सीटवर बाई आणि मी. बाईंचं वय चाळीसच्या आसपास असावं. मांडीवर एक जुनी पिशवी धरून त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

माणसं कागदावर जे लिहीत नाहीत ते जीपमध्ये सांगतात. रस्ता खराब असला तर जरा जास्तच सांगतात. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, या क्षेत्रात कसे आलात?

पर्यावरणतज्ज्ञांची सगळी नोकरी एका रंगाच्या कारखान्यात झाली होती, सांडपाण्याच्या विभागात. "पाणी चांगलं आहे अशी सही करायचो," ते म्हणाले. "वाईट आहे अशी सही करायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर म्हटलं, आता दुसरी बाजूही बोलावी." हवामानतज्ज्ञांना ताऱ्यांचा अभ्यास करायचा होता. ताऱ्यांत नोकऱ्या निघेनात, म्हणून ते खाली ढगांपर्यंत आले आणि एका विमा कंपनीने त्यांना ठेवून घेतलं. ऊर्जातज्ज्ञांनी आधी मोटारपंप विकले, मग इन्व्हर्टर, आता सौरऊर्जेवर व्याख्यानं देतात. "लाइट जात राहिली पाहिजे साहेब, बाकी आपलं बरं चालतं," म्हणून ते मनमोकळं हसले. तिघांपैकी एकही माणूस वाईट नव्हता. एरवी या खजिन्यावर मी महिनाभर घरात भाव खाल्ला असता. त्या दिवशी मला हसू येईना. तिघेही वाट फुटली तसे चालत तज्ज्ञ झाले होते, आणि चौथ्या पाहुण्यावर तर मी भाऊचा जीव सोपवायला निघालो होतो.

"आणि मॅडम, तुम्ही?"

"जागा रिकामी होती," बाई म्हणाल्या. "हृदयाच्या सगळ्या भरल्या होत्या. किडनीकडे त्या वेळी फारसं कुणी जात नसे."

"का?"

"पेशंट बरे होऊन घरी जात नाहीत. टिकतात. तेच तेच परत येतात. काहींना ते सहन होत नाही."

थोडा वेळ गेल्यावर मी आवाज शक्य तितका सहज ठेवून म्हटलं, "माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. पाय सुजतात."

त्या माझ्याकडे वळल्या. लघवी कमी झाली का? जेवण जातं का? झोपल्यावर दम लागतो का? दुखण्याच्या गोळ्या घेतात का? मी उत्तरं देत गेलो. प्रत्येक उत्तरानंतर त्या थोडं थांबत, आणि ते थांबणं मला प्रश्नापेक्षा जास्त भीती दाखवत होतं.

"कोण आहेत हे?"

"माझा भाऊ."

"त्यांना अकोल्याला आणा."

"उद्या आणतो."

"आज. मी परत जाईन तेव्हा माझ्याबरोबर. उद्याचं मी काही सांगू शकत नाही."

पुढच्या सीटवरचे गृहस्थ बोलायचे थांबले.

"तो येणार नाही," मी म्हटलं. "घरात डॉक्टर शिरला की तो मागच्या दाराने जातो. सभेत मात्र पहिल्या ओळीत बसलेला असतो."

"मग मला सगळ्यांच्या आधी बोलू द्या."

उरलेल्या रस्त्यात मी त्या दोन ओळींच्या कागदाची मागची बाजू भरून काढली. 'सुविख्यात' लिहिलं. 'आपल्या विदर्भाचं भूषण' लिहिलं. ज्या शब्दांची मी जन्मभर टिंगल केली, ते सगळे एकामागून एक हजर झाले. धक्क्यांनी अक्षर वाकडंतिकडं येत होतं. बाईंनी एकदा कागदाकडे पाहिलं.

"हे माझ्याबद्दल आहे?"

"भाऊला लागतं," मी म्हटलं.

सभामंडप भरला होता. भाऊ पहिल्या ओळीत, कडेच्या भिंतीला टेकून, धोतर पायांवर ओढून घेतलेलं. पंधरवड्यापूर्वी पाहिलं होतं त्यापेक्षा त्याचा चेहरा फुगलेला आणि मातकट दिसत होता. क्रम बदलायचा म्हणताच संयोजक गडबडले.

"बॅनरवर आरोग्य तिसरं आहे, सर."

"बॅनरची मी माफी मागतो," म्हणून मी माइक हातात घेतला.

वाचायला लागलो. 'सुविख्यात' ऐकून भाऊने मान हलवली. 'भूषण' ऐकून पुन्हा हलवली, बाजारात बैल पसंत पडल्यावर हलवावी तशी. माझं काम जमत होतं. पण आणखी एक-दोन विशेषणं झाली आणि कागद थरथरायला लागला. मी दुसऱ्या हाताने तो धरला, तर तोही हात तसाच. कागदाची फडफड माइकमधून सगळ्या मंडपात ऐकू जात होती. भाऊची मान थांबली. तो माझ्याकडे टक लावून बघू लागला. पुढची ओळ दिसेना. "तर अशा या डॉक्टर," एवढंच म्हणून मी बाजूला झालो. माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट परिचय.

बाईंनी शाल घडी न मोडता बाजूला ठेवली. आपल्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. दुखण्याची गोळी रोज घेऊ नका म्हणाल्या. कसली ते माहीत नसलेली भुकटी घेऊ नका म्हणाल्या. पाण्याचं काय, असं कुणीतरी मागून विचारलं. "पाण्यामुळे किती आणि कशामुळे किती, हे मला आज सांगता येणार नाही. कुणी खात्रीने सांगत असेल तर त्याला विचारा, कशावरून म्हणता," असं त्यांचं उत्तर. मग म्हणाल्या, "आता सगळ्यांनी एक करा. नडगीवर अंगठा दाबून धरा आणि उचला. खड्डा तसाच राहतो का बघा. राहिला तर ती सूज, मला येऊन भेटा."

मंडपातली सगळी माणसं वाकली. बायकांनी लुगड्याचा काठ जरासा वर घेतला, म्हाताऱ्यांनी धोतर सारलं. नुसती वाकलेली डोकी. मग कुठेतरी एक डोकं वर आलं, ते शेजाऱ्याकडे न बघता सरळ समोर बघत राहिलं. तसंच दुसरं. कुणाचे खड्डे भरले आणि कुणाचे राहिले, ते चेहऱ्यांवरून कळत होतं आणि मला ते बघवत नव्हतं. मंचावर पर्यावरणतज्ज्ञांनी टेबलाखाली हात घातला होता.

एकटा भाऊ वाकला नाही. तो अजून माझ्याकडेच बघत होता.

बाई खाली उतरून ज्यांना शंका होती त्यांना बघू लागल्या. मंचावर हवामानाचं भाषण सुरू झालं. मी मंडपामागे नळापाशी जाऊन तोंडावर पाणी मारत होतो. मागे श्वासाची घरघर ऐकू आली. भाऊ भिंत धरून उभा होता.

"बाईचा परिचय लांबवला तू."

"हो."

"खोटं वाचून राह्यला होता काय?"

"खोटं काही नव्हतं. जरा जास्त होतं."

"मंग कागद काऊन हालत होता?"

मी रुमाल शोधत राहिलो.

"लहानपनी विहिरीत उतरतानी तू नाई भेला," तो म्हणाला. "बाप मेला तवाबी तुह्ये हात असे नाई हालले. काय सांगतलं रे त्या बाईनं?"

"आजच चल म्हणाली."

तो दम घेत उभा राहिला. तो शेताच्या वाटेला लागतो की काय, या भीतीने मी त्याच्या दंडाला धरलं. त्याने हात सोडवून घेतला नाही.

"जीप कुठी हाय?" त्याने विचारलं.

वहिनींनी पिशवी आधीच भरून ठेवली होती, कधीपासून ते त्यांनाच माहीत. भुकटीचा डबा भाऊने स्वतःहून बाईंच्या हातात दिला. "हे पाहा, यात काय हाय ते," म्हणाला. तीन तज्ज्ञांसाठी दुसरी गाडी शोधावी लागली. पर्यावरणतज्ज्ञ आम्हाला सोडायला जीपपर्यंत आले आणि पुढच्या सीटचं दार भाऊसाठी त्यांनी स्वतः उघडलं. शेगाव ओलांडलं. मग भाऊने मान न वळवता विचारलं, "बाई, तुमी खरंच विदर्भाचं भूषण हा काय?"

"नाही हो," त्या म्हणाल्या.

"वाटलंच मले. तो मास्तर लहानपनापासून असाच हाय."

त्या संध्याकाळी त्याला डायलिसिसच्या मशीनला जोडलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही. आता ठरलेल्या वारी तो अकोल्याला जातो, चार तास पडून राहतो, परत येतो. बाई म्हणाल्या होत्या तसा टिकला आहे. कधी मी सोबत जातो. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या नव्या पेशंटला तो माझा परिचय करून देतो. "हे माहे लहाने भाऊ. लय मोठे प्राध्यापक." मी खाली मान घालून ऐकून घेतो. समोरच्या नव्या माणसाचा चेहरा मातकट असतो, त्याच्या बायकोने पिशवी घट्ट धरलेली असते, आणि भाऊच्या बोलण्याने ती दोघं जराशी सैल होतात. त्यामुळे मी त्याला थांबवत नाही.

मागच्या वेळी बाईंनी मला बाजूला बोलावलं. "तुम्हीही त्याच विहिरीचं पाणी प्यायलेले ना? एकदा रक्त तपासून घ्या." नक्की, या आठवड्यातच, असं मी म्हणालो. आठवडा उलटून गेला आहे. रोज सकाळी मोजे घालण्याआधी मी पलंगाच्या कडेवर बसतो, नडगीवर अंगठा दाबतो आणि उचलायच्या आधी खिडकीबाहेर बघतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, अजून आवरलं नाही का. आज तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, आवरतो, आणि तूही चल माझ्यासोबत, मला एकट्याने जाववत नाही. कुठे, ते तिने विचारलं नाही. गॅस बंद केल्याचा आवाज आला.