बाकाकडे बघणारी वानरं

माझा मामा मारुतीच्या उद्यानात रंगारी होता. मधोमध मारुतीची उंच मूर्ती आणि भोवती हिरवळीवर सिमेंटची वानरसेना: कुणी फांदीला लटकलेलं, कुणी दगड उचललेलं, कुणी नुसतंच उकिडवं. शेवटच्या वानराला रंग देऊन होईतो पहिलं उन्हापावसानं भुरकं पडलेलं असे. मामाचं आयुष्य त्यातच गेलं.

मामीला विसर पडू लागला, तसा मामा तिला रोज बरोबर आणून शिडीजवळच्या बाकावर बसवू लागला. पण त्याची पाठ वळली की ती उठून चालू लागे. मामाला वरून धड दिसतही नसे, डोळ्यांत मोतीबिंदू. तेव्हा त्यानं एक खुळेपणा केला. साऱ्या वानरांची बुबुळं नव्यानं रंगवली, सगळी बाकाकडे बघणारी.

"आता ही डोळ्यांत तेल घालून बसतील," तो म्हणाला.

"मेल्यांना दुसरं काम नाही का?" मामी कुरकुरली.

मी हसले खरी, पण त्या बाकावर कधी बसले नाही. अंगावर काटा यायचा.

एका दुपारी मी डबा घेऊन गेले, तर बाक रिकामा. माझी हाक ऐकून मामा शिडीवरून धडपडत उतरला. उद्यानामागे खोल तळं होतं. आमची पाचावर धारण बसली.

"थांब," मामानं माझं मनगट धरलं. "मला दिसत नाही. तू सांग, वानरं कुठं बघताहेत?"

"बाकाकडं! आणखी कुठं बघणार?" मी चिडून मान वर केली आणि माझी बोबडीच वळली. लटकलेलं, दगडवालं, उकिडवं, सगळ्यांची बुबुळं कडेला सरकून तळ्याकडे लागली होती.

मामी तळ्याच्या पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभी होती.

"पुढं जावं म्हटलं, तर हे मेले बघत बसलेत," ती म्हणाली. "लाज वाटते बाई."

जीव भांड्यात पडला. तरी मला आधी भीतीच वाटली, देवाचे उपकार नंतर आठवले. परतताना मामानं एका वानराच्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. रंग कोरडा होता, भेगाळलेला.

"पुन्हा बाकाकडं रंगवायचे?" मी विचारलं.

"नको. त्यांच्या कामात आता आपण हात घालायचा नाही."

मामीला मधे धरून आम्ही फाटकाकडे निघालो. मागे वळून बघायचा मला धीर झाला नाही. मामीनं मात्र वळून पाहिलं.

"बघ," ती म्हणाली, "अजून बघताहेत."