गडचांदूरचा गालिचा
ओल्या लोकरीचा वास आला की मला गडचांदूरचं ते घर आठवतं. गालिचे धुण्याचा धंदा नुकताच सुरू केला होता, आणि नवं मशीन घेऊन मी चंद्रपूरहून पहिल्याच कामाला गेलो होतो. दुपारी त्या घरच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते. सकाळी धुतल्यावर गालिचा असा लालभडक उजळला की मीच खूश झालो आणि तो गच्चीवर उन्हात पसरून जेवायला गेलो. परतलो तर गावाजवळच्या सिमेंट कारखान्याची धूळ ओल्या लोकरीत बसून तो राखाडी, कडक झाला होता. "काऊन वर टाकला भाऊ? इथी आमी कपडेबी घरातच वाळवतो," मुलीची आई रडवेली होऊन म्हणाली. मी ब्रशने घासू लागलो, तर ती मुलगीच नव्या साडीचा पदर खोचून शेजारी बसली आणि घासू लागली. "राहू दे ना आई, नवीन हायेत ते," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी दारात आली. केसांवर, पापण्यांवर धूळ घेऊन ती तशीच त्यांच्यासमोर गेली. त्यांना चहा देऊन झाल्यावर तिने एक कप मलाही आणून दिला. तो घेताना माझी मान वर झाली नाही. तिचं लग्न जुळलं का, हे विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही. आता धंदा बरा चालतो, पण गडचांदूरचं काम आलं की मी दुसऱ्याला पाठवतो.