न्हाणीची कडी

आई अल्लीपूरला एकटी राहते. मी वर्ध्याला नोकरीला. सुट्टी मिळाली की पहिल्या एसटीने तिच्याकडे जाते, आणि गेल्यावर पहिला चहा संपायच्या आत आमचं एक भांडण ठरलेलं असतं. घरातलं काय मोडलंय, आणि ते तिनं स्वतः दुरुस्त करायचं की कुणाला बोलवायचं.

वडील पुलगावला कापड गिरणीत होते. आठवड्यातून एकदा घरी येत. मधल्या दिवसांत नळ गळायला लागला, खिडकीची जाळी फाटली, फ्यूज उडाला, तर आईच बघायची. सकाळी अंगणवाडी, दुपारी घर, आणि संध्याकाळी हातात पेचकस. वडील गेले, अंगणवाडीतून ती निवृत्त झाली, तरी पेचकस काही सुटला नाही. कूलरमधलं गवत ती बदलते, नळाचे वायसर बदलते, दाराच्या फटी बुजवते. फक्त विजेच्या मीटरला आणि छपराला ती हात लावत नाही. ती दोन कामं मिस्त्रीची, बाकी सगळी तिची.

तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गावातले चांगले सुतार, प्लंबर हिंगणघाटला मोठ्या कामांवर जातात. एक बिजागरी घट्ट करायला किंवा एक नळ बदलायला कोण येणार? फोन केला की म्हणतात, येतो. “येतो म्हन्ते अन् येत नाई,” आई म्हणायची, “तवरिक मी का नळाखाली बादली ठेवून बसू?”

पण तिची साखर वाढलेली. रोज सकाळी इन्सुलिनची सुई. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. हिवाळ्यात एकदा मी अचानक गेले, तर ही टेबलावर स्टूल ठेवून, त्या स्टुलावर उभी राहून बल्बचं होल्डर बदलत होती. मी दारातच थिजले. हाक मारली तर दचकून पडेल म्हणून हाकही मारता येईना. ती खाली उतरेपर्यंत मी तशीच उभी होते, आणि उतरल्यावर जे बोलायचं ते बोलले. ती दोन आठवडे माझ्याशी फोनवर तुटक बोलली.

मग न्हाणीच्या दाराचं निघालं. ते दार सागाचं, जाड. गावात एक जुनं घर पाडलं तेव्हा वडिलांनी तिथून आणलेलं. न्हाणी एवढीशी आणि दार भलं मोठं. स्वतःच्या वजनानं ते बिजागरीवर खाली उतरलं होतं, फरशीला घासायचं, आणि आतली जुनी कडी चौकटीच्या भोकात बसेनाशी झाली होती. मी एका मिस्त्रीला फोनवर गाठलं. तो गुरुवारी येतो म्हणाला. दोन गुरुवार गेले. तिसऱ्याची वाट न बघता आई हिंगणघाटला गेली, एक जाडजूड स्टीलची कडी घेऊन आली आणि स्वतः बसवली. चौकटीतलं भोकही खाली सरकवून नवीन पाडलं. फोनवर सांगताना आवाजात केवढा आनंद होता. मी म्हटलं, बरं झालं. याहून जास्त काही म्हटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी पोचले तेव्हा तिनं नुकतीच सुई घेतली होती. मी पोहे टाकते म्हटलं. तोवर अंगावर दोन तांबे घेऊन येते म्हणाली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी कांदे चिरायला घेतले. पाण्याचा आवाज आला, थांबला. मग लोखंडावर काहीतरी आपटल्यासारखा आवाज यायला लागला. एकदा, दोनदा, मग सारखाच.

मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, काही नाही, कडी अटकली.

मला तेव्हा विशेष वाटलं नाही. मी बाहेरून दार ढकलून बघितलं, ओढून बघितलं. दार आणखी खाली बसलं होतं आणि त्याचं सगळं ओझं त्या नव्या कडीवर आलं होतं. दार खालून उचललं तर कडी मोकळी होईल हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण उचलायला धरणार कशाला? खाली बोट जाईल एवढीही फट नव्हती. मी उलथनं घालून बघितलं, ते वाकलं. आई आतून तांब्यानं ठोकत होती. ठोके हळूहळू कमी व्हायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी विचारलं, सुई घेतल्यावर काही खाल्लंस का?

“नाई,” ती म्हणाली. “पोहे होऊन राह्यले होते ना.”

सुई घेऊन न खाता राहिलं तर साखर किती खाली जाते आणि माणसाचं काय होतं हे आम्ही एकदा बघितलं होतं. तेव्हा ती बिछान्यात होती, मी शेजारी होते, आणि साखर लगेच तोंडात घालता आली होती. आता मध्ये सागाचं दार होतं.

मी त्याच मिस्त्रीला फोन लावला. तो हिंगणघाटात एका कामावर होता. प्रसंग सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला, निघतोच म्हणाला. पण हिंगणघाट काही शेजारच्या गल्लीत नव्हतं. मी फोन ठेवून शेजारच्या काकांना हाक मारली. ते सब्बल, लोखंडी पहार, घेऊनच आले. दाराकडे एकदा बघून म्हणाले, फोडू, दुसरा उपाय नाही. त्यांनी सब्बल उचललीही.

आतून आई बोलली. आवाज जड होता, पण शब्द नीट होते. “भाऊजी, फोडसान तर दार माझ्याच अंगावर येईन. आत जागा कुठी हाये?”

खरंच नव्हती. पाण्याचा ड्रम, एक बादली आणि दार उघडण्यापुरती जागा. काकांनी सब्बल खाली टेकवली. मी आईला म्हटलं, ड्रमच्या मागे जाऊन उभी राहा. ती म्हणाली, बसले आहे. कुठे बसलीस म्हटलं तर म्हणाली, दाराला टेकून. मी म्हटलं, सरक तिकडे. थोडा वेळ काहीच उत्तर आलं नाही. मग आलं ते इतकं हळू की मला दाराला कान लावावा लागला. सरकते म्हणत होती, पण सरकल्याचा आवाज येत नव्हता.

न्हाणीच्या मागच्या भिंतीला वर एक झरोका आहे, काचेच्या पट्ट्यांचा. काकांनी शिडी आणून लावली. मी घरात धावले. एका छोट्या बाटलीत पाणी आणि साखर घालून हलवली, वाळत घालायची दोरी ओढून घेतली. मी शिडीवर चढताना काकांनी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि तोंड कुंपणाकडे फिरवलं. आत वहिनी कशा अवस्थेत असतील हे त्यांनी न विचारताच ओळखलं होतं.

काचेच्या पट्ट्या काढून मी आत वाकून बघितलं. आई दाराला पाठ लावून फरशीवर बसली होती. परकर छातीशी बांधलेला, केस ओले. नुकतंच गार पाणी घेतलेलं असूनही कपाळावर घाम होता. डोळे उघडे होते, पण माझ्याकडे नव्हते.

मी बाटलीचं झाकण सैल केलं, दोरी बांधली आणि खाली सोडली. बाटली तिच्या गुडघ्याला लागून थांबली. तिनं बाटलीकडे बघितलं, पण हात उचलला नाही. मी म्हटलं, आई, पी.

तिनं मान वर केली. “पोहे झाले का?” तिनं विचारलं.

ती एरवी सहज विचारते तसंच तिनं विचारलं होतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ती कुठे आहे हे तिला कळत नव्हतं. अंगणवाडीत हट्टी लेकरांशी ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज माझ्या तोंडून निघाला. “हाव, झाले. पहिले हे पानी पेऊन घे. पुरं पे.”

तिनं बाटली उचलली. निम्मं पाणी हनुवटीवरून परकरावर सांडलं, निम्मं आत गेलं. मी वरून नुसती बघत राहिले.

खालून काका म्हणाले, आता तरी फोडू का. वेळ जात होता हे मलाही दिसत होतं. पण ती अजून दाराला टेकूनच होती, आणि आतून तिला हलवणारं कोणी नव्हतं. दार फोडलं तर सागाची ती फळी तिच्या मानेवर बसणार. नाही फोडलं आणि साखर चढली नाही तर? काका माझ्या उत्तराची वाट बघत होते. माझ्याशिवाय विचारायला दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, थांबा. ते थांबले. त्या थांबण्यात मी किती गोष्टी मनात बोलले, कुणाकडे काय मागितलं, ते आता सांगता येणार नाही. मी तिला काहीबाही विचारत राहिले. ती कधी उत्तर द्यायची, कधी नाही. मी खाली जाऊन आणखी एक बाटली भरून आणली आणि सोडली. ती तिनं स्वतः धरली, न सांडता प्यायली.

बऱ्याच वेळानं तिनं खाली स्वतःकडे बघितलं, मग वर. कपाळाला आठी पडली. “अंगावर टाकाले काई दे पहिले,” ती म्हणाली. “भाऊजी हायेत ना बाहेर?”

त्या आठीनं माझे डोळे भरून आले. मी गाऊन सोडला. तो चढवता चढवता ती कडीकडे बघत होती. म्हणाली, कडी आतूनच पेचांवर बसवलेली आहे, पेच काढले की दार मोकळं. कपाटातला स्टारचा पेचकस दे, लाल मुठीचा.

पेचकस आत गेला. तिनं भिंतीला धरून उभं राहून पहिला पेच काढला आणि खाली बसली. मग दुसरा. प्रत्येक पेचानंतर ती बसायची आणि मी तिला बोलतं ठेवायची. पेचकस सारखा घसरत होता. शेवटच्या पेचाचं डोकं झिजलं. तिनं दोनदा जोर लावला, मग पेचकस खाली ठेवला.

“घिसला,” ती म्हणाली. “आता लावा सब्बल. मी सरकून राह्यली.”

ती ड्रमच्या मागे जाऊन बसली आणि बादली चेहऱ्यासमोर धरली. मी वरून बघून हो म्हटल्यावर काकांनी कडीच्या बाजूनं सब्बल घातली आणि अंगाचा भार टाकला. उरलेला पेच लाकडातून करकरत निघाला आणि दार उघडलं.

तिला खोलीत आणून बसवलं. मशीनवर साखर बघितली. कमी होती, पण घाबरण्याइतकी राहिली नव्हती. मी पटकन पोहे केले, ते तिनं खाल्ले, मग पुन्हा बघितली तेव्हा जरा वर आली होती. काका चहा घेऊन गेले. ते गेले आणि माझी सगळी भीती राग होऊन बाहेर आली. मी म्हटलं, यापुढे तू घरात एक खिळासुद्धा ठोकायचा नाही.

“मंग कडी काढली कोनं?” ती म्हणाली.

“अन् लावली कोनं?”

ती ताटलीतले शेंगदाणे वेचत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली की मधेच तिला मी झरोक्यात दिसत होते, पण ते स्वप्न आहे असं वाटत होतं, आणि स्वप्नातल्या माणसाला काय उत्तर द्यायचं म्हणून ती गप्प बसली होती. हे सांगताना तिचा आवाज कापला. आईला घाबरलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. माझा राग तिथेच विरला, पण खिळ्याचा तो शब्द मी मागे घेतला नाही, आणि तिनं मान्यही केला नाही. अजूनही ते तसंच आहे. परवा फोनवर ती म्हणत होती, नळ तिचा, छप्पर मिस्त्रीचं, आणि आतून बंद होणारं जे काही असेल ते आम्ही दोघींनी विचारून.

त्या दिवशी मिस्त्री आला तो उन्हं चढल्यावर, घामाघूम. उशिराबद्दल त्याला काही म्हणावं असं मला वाटलं नाही. आईनं त्याला दार दाखवलं आणि आत जाऊन पडली. एरवी तिनं त्याच्या शेजारी उभं राहून त्याला पेच मोजून दिले असते. दाराला रंधा मारायचा होता, बिजागऱ्या जाड घालायच्या होत्या, म्हणून तो ते टेम्पोत टाकून घेऊन गेला. न्हाणीला दार राहिलं नाही. मी दोरीवर जुनी चादर टांगली आणि दोन दिवसांची रजा टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं आधी पोळी खाल्ली, मग टॉवेल घेऊन चादरीमागे गेली. मी स्वयंपाकघराकडे वळले, तर तिनं हाक मारली.

“इथंच बस ना,” ती म्हणाली. “बोलत राह्य काई तरी.”

मी चादरीबाहेर पाटावर बसले. वर्ध्याच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगायला लागले, आणि आतून पाण्याचे तांबे एकामागून एक पडत राहिले.