कोपऱ्यातला खिळा

माझ्या धाकट्या भावाला अख्खं गाव खिळा म्हणतं. चेंडू पायाशी घेऊन एकदा उभा राहिला की दोघं-तिघं धक्के मारून दमतात, पण हा जागचा हलत नाही, म्हणून. बाकी खिळ्याचं त्याच्यात काही नाही. कुणीही यावं आणि वाकवून जावं, असला माणूस! हे मी रागानं बोलतेय, आणि रागानंच बोलणार.

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. मी शाळेचे गणवेश शिवते, पुढच्याच खोलीत मशिनी मांडल्यात. हा बसच्या वर्कशॉपमध्ये ब्रेक दुरुस्त करतो आणि सुटला की थेट फुटबॉल क्लबच्या मैदानावर. हाताचं ग्रीस धुवायचा कंटाळा, पण बूट मात्र माझ्या चांगल्या कापडाच्या तुकड्यांनी पुसणार. लग्नाची गोष्ट काढली की म्हणायचा, "आधी एकदा बाहेरच्या देशांच्या क्लबांशी खरी स्पर्धा खेळू दे ताई, मग बघू." मी म्हणायचे, "मग तुला मुलगी नाही, नर्स बघावी लागेल." चौतिशी उलटली तरी ह्याचं तेच तुणतुणं.

यंदा आमचा क्लब पहिल्यांदाच त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीत पोचला, आणि फेरीही आमच्याच मैदानावर. तीन देशांचे तीन क्लब, प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, पहिला येईल तो मुख्य स्पर्धेत. आमच्या प्रशिक्षकाला सगळे सर म्हणतात. मी शिट्टीवाला म्हणते. त्याला खिळा म्हातारा वाटायचा. पहिल्या सामन्यात त्यानं माझ्या भावाला बाकावर बसवून ठेवलं. आम्ही एका गोलनं जिंकलो. त्याच हरलेल्या संघाला लाल जर्सीवाल्या क्लबनं तीन गोलनी झोडपलं. उरला आमचा आणि लालवाल्यांचा सामना. जिंकेल तो पुढे जाणार, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. बरोबरी झाली तर काय, हे मात्र कुणी विचारलंच नाही.

कारण आमच्या लीगमध्ये दोघांचे गुण सारखे झाले की त्या दोघांत पुन्हा एक सामना होतो. आमच्या बापजाद्यांपासून तसंच चालत आलंय. जगात सगळीकडे तसंच असणार, अशी सगळ्यांची समजूत.

सामना एक-एक असा अडला होता. आमचा गोल मारणारा पोरगा लंगडत बाहेर आला. शेवटची काही मिनिटं उरली होती. तेव्हा शिट्टीवाल्याला खिळा आठवला. मी बाकाच्या मागच्याच रांगेत होते. माझ्या ह्या कानांनी ऐकलं. "गोलच्या नादी लागायचं नाही. चेंडू कोपऱ्यात ने आणि धरून ठेव. बरोबरी पुरे. पुन्हा सामना होईल, तोवर ह्याचा पाय बरा होतो."

आणि धरला की त्यानं! कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी पाठ करून उभा, चेंडू बुटाखाली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही घसा फोडून ओरडत होते. पण लालवाले चेंडू हिसकवायला येईचनात. लांब उभे राहून नुसते बघत होते. खिळ्यानं मान वळवून हाक मारली, "सर, हे येतच नाहीयेत! मी गोलकडे जाऊ?"

"तोंड बंद! धर म्हटलं ना!" शिट्टीवाला गरजला.

शेवटची शिट्टी झाली. आमच्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. तिकडे लालवालेही नाचायला लागले. ते का नाचतायत, हे कुणाला कळेना. मग लाऊडस्पीकरवर सांगितलं: गुण सारखे, गोलफरक लालवाल्यांचा तीनचा, आमचा एकचाच, म्हणून लालवाले पुढे. ह्या स्पर्धेत पुन्हा सामना वगैरे भानगडच नव्हती.

क्षणापूर्वी टाळ्या वाजवणारी तीच तोंडं माझ्या भावाला आईबहिणीवरून शिव्या घालायला लागली. आणि शिट्टीवाला? कॅमेऱ्यापुढे छाती काढून म्हणाला, "मी त्याला गोल करायलाच पाठवलं होतं. त्यानं ऐकलं नाही." सगळं खापर माझ्या भावाच्या डोक्यावर!

वर्कशॉपमध्ये सोबतचे त्याला बघून कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि खिदळायचे. माझ्याकडे गणवेशाला आलेल्या बायकाही टोमणे मारायच्या. मी म्हणायचे, "माप द्यायचंय की भांडायचंय? भांडायचं असेल तर आधी टेप ठेवते खाली." हा मात्र तोंडातून चकार शब्द काढत नव्हता. जेवायचा, झोपायचा, कामाला जायचा. माझ्याच डोक्यात तिडीक गेली. उठले आणि तडक मैदानावर गेले.

सराव चालला होता. सगळ्या खेळाडूंसमोर मी त्या शिट्टीवाल्याला धारेवर धरलं. "खोटं बोलायला लाज नाही वाटत? मी मागेच बसले होते. सगळं ऐकलंय मी!"

तो शांतपणे म्हणाला, "मला कशाला विचारता बाई? तुमच्या भावालाच विचारा."

खिळा पुढे आला. माझ्याकडे बघितलंही नाही. "सरांनी गोल करायलाच सांगितलं होतं, ताई. चूक माझी."

 दंडाला धरून मी त्याला नळापाशी ओढत नेलं. "काय बोलून आलास तू? अक्कल गहाण टाकलीस?"

"चूक माझी म्हटलं तर अजून एक वर्ष संघात ठेवणार आहेत. नाही म्हटलं तर आजच बाहेर." तो नळाकडे बघत बोलत होता. "पुढच्या वर्षी परत पात्रता फेरी असते, ताई."

"आणि तो तुला खेळवेल?"

त्यानं नळ सोडला आणि हात धुवायला लागला.

"बोल ना मेल्या! खेळवेल तो तुला?"

"बाकावर तरी बसवतील ना," तो म्हणाला, आणि पलीकडून शिट्टी वाजली तसा पळत सुटला.