खळ लावलेलं विमान

लढाई संपली त्या साली सांबऱ्याच्या विमानतळावरची वर्दळ ओसरली आणि आमच्या शहापुरातल्या घरात दोन खोकी आली. माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथल्या वर्कशॉपमध्ये हरकाम्या होता. लढाईत सूत मिळेनासं झालं, आमच्या दोन मागांपैकी एक बंद पडला, म्हणून तो तिकडे लागलेला. आता सूत पुन्हा येऊ लागलं होतं आणि वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, बंद मागावरची धूळ झाडून ठेवली होती. अण्णानं परत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसावं, हा त्याचा अर्थ.

अण्णाला बसायचं नव्हतं. वर्कशॉपचा पंजाबी मिस्त्री बेंगळूरच्या विमान कारखान्यात निघाला होता आणि एक मदतनीस बरोबर नेणार होता. त्याला माणसाचा हात पारखायचा होता. गोरे अंमलदार जाताना मागे टाकून गेलेली खेळण्यातल्या विमानांची दोन खोकी त्यानं अण्णाला दिली. "एक रख, एक वापस ला. उड़ गया तो चल मेरे साथ."

खोक्यात विमान नव्हतं. काड्या होत्या, पातळ फळ्या, रबराची दोरी, लाकडी पंखा, घडी घातलेला झिरझिरीत कागद आणि एक मोठा नकाशा. इंग्रजी वाचणारी घरात मी एकटी, तीही इंग्रजी तिसरीतली. म्हणून अण्णानं दोन्ही खोकी माझ्यापुढं ठेवली.

एकावर लढाऊ विमानाचं रंगीत चित्र होतं, ढगात घुसलेलं. दुसऱ्यावर नुसती निळी रेघांची आकृती, लांब पंखांची, बगळ्यासारखी.

"ह्येच घ्यायचं," अण्णा चित्रावर बोट ठेवून म्हणाला. "बंदुका बघ की त्याच्या!"

"बंदुका उडायला मदत करत्यात व्हय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ह्याच्या काड्या मोज. आन् त्याच्या मोज. शिवाय त्या बगळ्यावर लिवलंय, पहिल्यांदा करणाऱ्यानं ह्ये करावं."

त्यानं खोकं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "खरंच लिवलंय का तू सांगतीस?"

"शाळेत जा, मग वाचशील."

लढाऊ विमान परत गेलं. अण्णा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलला.

ते लाकूड आम्ही कुणीच पाहिलेलं नव्हतं. हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना. नखानं दाबलं की खळगा पडे. आप्पांनी एक काडी तळहातावर ठेवून हात वरखाली केला, वास घेतला, दातानं चावून बघितली.

"भेंड हाय ह्ये. बाशिंगं करत्यात ह्याची." मग अण्णाकडं बघून, "इमान करतोयस का लगीन?"

आई हसली. अण्णा नाही हसला.

ते भेंड नव्हतं, दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या झाडाचं लाकूड होतं, एवढं मी खोक्यावरून वाचून सांगितलं. झाड केवढं असतं, त्याला फळं येतात का, हे आप्पांनी विचारलं. ते लिहिलेलं नव्हतं.

काम असं चालायचं. पाटावर नकाशा पसरायचा. मी एकेक ओळ वाचून, अंदाजानं, अर्थ सांगायचा. अण्णानं दाढीच्या पात्यानं फळीतून तुकडे कापायचे आणि नकाशातल्या रेघेवरच ठेवून जोडायचे. टाचण्या नव्हत्या, बाभळीचे काटे टोचले. डिंक कागदाला चिकटू नये म्हणून नकाशाला साबण घासला. पंखाच्या आतल्या फासळ्या खालून सपाट आणि वरून फुगीर होत्या. अशा का, ते नकाशात नव्हतं. मी शाळेत बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, पक्ष्याचाही पंख तसाच असतो. पक्ष्याचा तसा का, ते राहिलंच.

सांगाडा उभा राहिला. आता त्यावर कागद चढवायचा. तो चढला, पण सैल. पोटावर सुरकुत्या, पंखावर लाटा. अण्णा सांबऱ्याला गेला होता. मागावर बसल्या बसल्या आप्पांची नजर सारखी त्या सुरकुत्यांवर जात होती. मी धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत होते आणि त्यांच्याकडं बघत होते. शेवटी ते उठले.

"सैल हाय की गं त्ये. खळ देऊ या."

खळ म्हणजे आमचं विणकरांचं औषध. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला भाताची खळ दिली की ते ताठ होतं, तुटत नाही, लव बसते. सैल काही दिसलं की विणकराचा हात खळीच्या मडक्याकडं जातो. आप्पांनी कुंचा बुडवला आणि दोन्ही पंखांना, वरून, खालून, सुताला देतात तशी भरपूर खळ दिली. मग पंख खिडकीत टेकून ठेवले.

वाळता वाळता कागद ताणला गेला. आधी सुंदर दिसला, एक सुरकुती नाही. मग तो आणखी ताणला. फासळ्या कुरकुरल्या. अण्णा घरी आला तेव्हा दोन्ही पंख पिळल्यासारखे झाले होते, एकाचं टोक वर आणि दुसऱ्याचं खाली.

अण्णा ओरडला नाही. पंख हातात घेऊन बसला आणि म्हणाला, "म्हंजे मी मागावरच बसायचं."

"मी काय मुद्दाम क्येलो व्हय रं?" आप्पा म्हणाले.

मुद्दाम केलं असेल का, याचा मी नंतर बराच विचार केला आहे. अण्णा राहिला असता तर दुसरा माग चालला असता, हे खरं. पण भांडणातल्या भाऊबंदाचा ताणा सुद्धा विणकर बिघडवत नाही. त्याच्या हातून ते होतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत आमची पाजणी, म्हणजे ताण्याला खळ द्यायचं काम, होतं. घरापासून पार कोपऱ्यापर्यंत ताणा पसरलेला, दोन्ही टोकांना खुंट्यांना बांधून ताठ केलेला, आणि आप्पा व शेजारी दोन बाजूंनी कुंचे फिरवत चाललेले. मधेच आप्पा थांबले. शेजारी पुढं निघून गेला.

"काय झालं?" त्यानं मागं वळून विचारलं.

आप्पांनी दारातल्या अण्णाला हाक मारली. "आरं, बांधलंच न्हाय आपण!"

"काय बांधलं न्हाय?"

"पंख! मोकळ्याला खळ दिली मी. ताणा मोकळा ठेवून खळ देतोय का कोण?"

पाजणी उरकल्यावर दोघं कामाला बसले. ओल्या फडक्यानं जुना कागद उतरवला. नवा कुठून आणायचा? साडीच्या घडीत घालायला व्यापारी पातळ कागद द्यायचे, तो मी आणला. आप्पांनी खळीत पाणी ओतून ती ताकासारखी केली. पंख सपाट फळीवर ठेवून सुतानं ठिकठिकाणी बांधले, सुताखाली चिंध्या घातल्या, आणि कुंचा टेकतोय न टेकतोय असा फिरवला. फळी सावलीत ठेवली. पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी कुणाला गाठ सोडू दिली नाही.

सोडले तेव्हा पंख सरळ होते. नख मारलं की हलगीसारखे वाजत. मी एक पंख घेऊन गच्चीवर गेले आणि वाऱ्यासमोर धरला. त्यानं माझा हात वर ओढला. तिरका केला की आणखी ओढायचा, फार तिरका केला की सोडून द्यायचा. आई जेवायला हाका मारत होती, पण मला तेच पुन्हा पुन्हा करून बघायचं होतं.

सांबऱ्याला आम्ही तिघं गेलो. अण्णानं बोलावलं नव्हतं, तरी आप्पा निघाले. विमान फळीवर, वर आईचं जुनं लुगडं, आणि फळी आप्पांच्या डोक्यावर. मिस्त्री गवतात उभा होता. अण्णानं बोटानं पंखा फिरवून रबराला पीळ भरला.

"छोड़," मिस्त्री म्हणाला.

विमान आधी खाली गेलं. मग गवताला लागता लागता ते उचललं गेलं, वर चढलं, हळूहळू डावीकडं वळत मोठी फेरी घेऊन आलं आणि मिस्त्रीच्या मागं अलगद बसलं.

त्यानं ते उचललं, पंखावर नख वाजवलं. "काग़ज़ किसने चढ़ाया?"

अण्णानं माझ्याकडं पाहिलं, मग आप्पांकडं. "बाप ने. पढ़ा बहन ने. मैंने काटा और जोड़ा."

"बाप को भी लाएगा बेंगळूर?"

आप्पांना तेवढं हिंदुस्थानी कळत होतं. "और माग कौन चलाएगा?" ते म्हणाले.

मिस्त्री मोठ्यानं हसला आणि अण्णाला म्हणाला, कपडे बांधून ठेव.

परतताना आप्पा म्हणाले, "डाव्या अंगाला वळत हुतं. तिकडं खळ जरा जास्त बसली."

"व्हय," अण्णा म्हणाला.

अण्णा गेल्यावर दुसरा माग मोकळा राहू नये म्हणून शाळा सुटली की मी त्यावर बसू लागले. डोक्यावरून विमानाचा आवाज गेला की मी धोटा टाकून अंगणात पळायची. आप्पा उठायचे नाहीत. हात चालूच ठेवून आतून विचारायचे, "कुठल्या अंगाला वळलं गं?"